बटाट्या, जिलब्या, खुन्या आणि भोसरी: आपल्याकडच्या विचित्र पत्त्यांची पार्श्वभूमी

माझी आत्या सदाशिव पेठेत राहायची आणि शाळेत असताना तिचा पत्ता सांगायची मला चक्क लाज वाटायची. कारण पत्ता होता "खुन्या मुरलीधराच्या जवळ", आणि वर्गात नव्याने आलेल्या, पुण्याबाहेरून आलेल्या मुलीने ते ऐकून मला विचारलं होतं की तुमच्याकडे देवाला खुनी म्हणतात का गं? मला उत्तर माहीत नव्हतं. घरी विचारलं तर आजोबा म्हणाले, देवाला नाही म्हणत, जागेला म्हणतात. तेव्हा काही कळलं नाही. पुढे वाचत गेले, विचारत गेले, आणि आता मला वाटतं आजोबा अगदी बरोबर होते. तेच जरा नीट मांडायचा हा प्रयत्न.

आधी हे लक्षात घेऊ की पेशवाईतल्या पुण्यात रस्त्यांना पाट्या नव्हत्या, घरांना नंबर नव्हते. पेठांना नावं होती, ती मात्र सरकारी, आणि तीही बदलत गेली. आजची शनिवार पेठ म्हणजे पूर्वीचं मुर्तजाबाद, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, बुधवार पेठ म्हणजे मोहियाबाद. पण पेठ केवढी मोठी, तिच्यात माणूस शोधायचा कसा? तर देवळावरून, आणि देवळं तर मारुतीचीच डझनांनी, मग कुठला मारुती? इथे लोकांनी जे केलं ते फार सरळ होतं, मारुतीच्या शेजारी जे असेल ते त्याला चिकटवलं.

तुळशीबागेजवळच्या मारुतीपाशी जिलबीवाला होता म्हणून तो जिलब्या मारुती (काहीजण सांगतात की त्याला जिलब्यांची माळ घालायचे, पण जिलबीशिवाय गोष्ट नाहीच). नारायण पेठेतल्या देवळावर पत्रा होता म्हणून पत्र्या मारुती. बुधवार पेठेतल्या विठोबाच्या समोर पासोड्या विकायला बसायचे, पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड सुती पांघरूण, तर तो पासोड्या विठोबा. भिकारदास मारुतीमध्ये तर भिकारी कोणीच नाही, भिकारदास नावाचे एक गुजराती सराफ होते, जागा त्यांची, म्हणून नाव त्यांचं. हे नाव ऐकून बाहेरगावचे लोक हमखास हसतात आणि मला दर वेळी त्या शेठजींसाठी वाईट वाटतं, माणसाने देवाला जागा दिली आणि नावाचा अर्थ लोकांनी भलताच लावला.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे बटाट्या मारुती. हा शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात आहे. आज तिथे बटाटा औषधालाही दिसत नाही. पण मंडई बांधली जाण्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा आणि या मारुतीच्या आसपास कांदे-बटाटेवाले बसायचे. १८८६ मध्ये रे मार्केट सुरू झालं, म्हणजे आताची महात्मा फुले मंडई, आणि बाजार तिकडे हलला. विकणारे गेले, गिऱ्हाईकं गेली, मंडईचं स्वतःचंसुद्धा नाव बदललं, मारुती मात्र अजून बटाट्याच आहे. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी उठलेल्या बाजाराची जागा त्या एका नावाने धरून ठेवलीय, तिथे बाजाराची दुसरी कुठलीही खूण नाही.

आता खुन्या मुरलीधर, कारण त्याशिवाय हे पूर्ण होणारच नाही. हे देऊळ १७९७ सालचं, दादा गद्रे नावाच्या सावकारांनी बांधलेलं, आणि मूर्ती अतिशय देखणी. इतकी देखणी की ती नाना फडणवीसांना हवी होती असं सांगतात. गद्र्यांना मूर्ती द्यायची नव्हती, त्यांनी राखणीला अरब शिपाई ठेवले आणि घाईने स्थापना उरकायचं ठरवलं. ती मूर्ती नेताना अरब आणि पेशव्यांच्या पदरी असलेल्या कॅप्टन बॉइडच्या हाताखालचे शिपाई यांच्यात जुंपली आणि रस्त्यात बरीच माणसं मेली, पन्नास-साठ म्हणतात. देव बसला तोच रक्ताच्या सड्यावर, म्हणून खुन्या. मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघितलं तर हे नाव अजिबात जुळत नाही, बासरी वाजवणारा शांत मुरलीधर आहे तो. कित्येकांना वाटतं की हे नाव चापेकर प्रकरणातून आलं, कारण रँडच्या वधानंतर ज्यांनी माहिती पुरवली त्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९ मध्ये याच भागात गोळ्या घातल्या गेल्या. पण नावाची गोष्ट सांगितली जाते ती त्याच्या शंभर वर्षं आधीची. एकाच गल्लीत शंभर वर्षांच्या अंतराने दोनदा रक्त सांडलं आणि दोन्ही वेळच्या आठवणी एकाच शब्दात जाऊन बसल्या असं मला वाटतं.

डुल्या मारुती पानिपतावर आपली फौज हरत होती तेव्हा जागच्या जागी डोलला म्हणे. ही आख्यायिकाच, पण १७६१ च्या त्या बातमीने पुण्यातली किती घरं हलली असतील हे बघता ती कुठून आली ते समजतं. उपाशी विठोबाही उपाशी नाही, उपास करणारे होते ते त्या देवळाचे भक्त, कडक उपासासाठी प्रसिद्ध, त्यांचा उपास देवाच्या नावाला लागला.

आता मुद्दा असा की हे सगळं उद्धटपणा वाटतो कशामुळे? त्या शेवटच्या "्या"मुळे. बटाट्या, पत्र्या, डुल्या, खुन्या. आपण बंड्या म्हणतो, पिंट्या म्हणतो, बाळ्या म्हणतो, कोणाला? जो अंगणात आपल्यासमोर वाढला त्याला. अनोळखी माणसाला असं म्हटलं तर भांडण होईल, आणि घरच्याला "अहो बाळासाहेब" म्हटलं तर तो विचारेल काय झालं, रागावलीस का. जनाबाई तर प्रत्यक्ष पंढरीच्या देवाला विठ्या म्हणून हाक मारते आणि वर शिव्याही देते, आणि त्या अभंगात भक्ती कमी आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. पेठेतल्या लोकांनी मारुतीला तसंच गल्लीतलं पोर करून टाकलं. मराठी ज्याची घरची भाषा नाही त्याला यातला जिव्हाळा ऐकू येत नाही, त्याला फक्त अपमान ऐकू येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

भाषेच्या सीमेवरची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपली भोसरी. पिंपरी-चिंचवडमधली एवढी मोठी एमआयडीसी, देशभरातून कामाला माणसं येतात, आणि उत्तरेकडून आलेल्या माणसाला बसवरची पाटी वाचून काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. मी एका ऑफिसात होते तिथे एक नवा मुलगा फोनवर आईला आपण कुठे राहतो ते सांगायचंच टाळायचा, पुण्यात राहतो एवढंच म्हणायचा. खरं तर गावाचं जुनं नाव भोजपूर किंवा भोजापूर, जुन्या गॅझेटियरातसुद्धा भोसरीच्या जोडीला ते नाव दिलेलं आहे, आणि गावाच्या परिसरात फार प्राचीन काळातले अवशेष सापडलेत. भोजपूरचं बोलता बोलता भोसरी झालं, जसं कितीतरी गावांच्या शेवटच्या "पूर"चं काहीच्या बाही झालं. मराठीत त्या नावात वावगं काही नाही. शिवी आहे ती दुसऱ्या भाषेत, आणि गाव त्या शिवीच्या वाटेला कधी गेलेलंच नव्हतं.

मुंबईत भेंडी बाजाराचं असंच, भाजी डोळ्यासमोर येते, पण कोकणातल्या माणसाला भेंडीचं झाड माहीत असतं, पिवळ्या फुलांचं, समुद्राकाठी वाढणारं. त्या झाडांवरून नाव पडलं असं एक मत, आणि दुसरं लोकप्रिय मत असं की गोरे लोक "बिहाइंड द बझार" म्हणायचे त्याचं आपण भेंडी बाजार केलं. मला झाडाचं पटतं, कारण मुंबईत फणसवाडी, चिंचबंदर, उंबरखाडी अशी झाडांची नावं जागोजागी आहेत.

आणि आपल्या पुण्यातली हुजूरपागा! पागा म्हणजे घोड्यांचा तबेला, पेशव्यांच्या खास घोड्यांची जागा. १८८४ मध्ये मुलींसाठी हायस्कूल निघालं ते या जागेवर स्थिरावलं, आणि शाळेचं लांबलचक नाव बाजूला राहून मुली "मी हुजूरपागेची" असं अभिमानाने सांगायला लागल्या, आजही सांगतात.

म्हणून नाव बदला, सभ्य करा अशी मागणी ऐकली की मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावंसुद्धा पत्तेच होते, पण तिथे राहणाऱ्यांनी ती प्रेमाने ठेवली नव्हती, ती गावाने त्यांच्या कपाळावर मारली होती आणि नाकारायची सोय नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अशी जातिवाचक वस्त्यांची नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावं द्यायचा निर्णय घेतला तो मला शंभर टक्के योग्य वाटतो, उशिराच झाला असं वाटतं. त्या नावांमागचा इतिहास पुस्तकात राहू दे, कोणा पोराच्या शाळेच्या दाखल्यावर नको.

बटाट्या मारुतीने मात्र कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. जुनी देवळं नवी होतात तेव्हा पाटीवर नुसतं "श्री मारुती मंदिर" येईल अशी मला भीती वाटते, कारण तशा मंदिरापाशी ये म्हटलं तर पुण्यात माणूस दिवसभर फिरत राहील. आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिची जुनी पत्रं माझ्याकडे आहेत, पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता तिने स्वच्छ अक्षरात लिहिलेला असायचा, घर नंबर कधी असायचा कधी नसायचा, "खुन्या मुरलीधराजवळ" मात्र प्रत्येक कार्डावर आहे.