थेंबालाही बी लागते, खड्यालाही

निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळावर काहिलीतला पाक वाफ्यात ओतून घोटला जातो, तेव्हा तो निवता निवता रवाळ होतो. साखरेचा पाक आत दोरे सोडून, न हलवता, सावकाश निवू दिला, तर दोऱ्यावर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. स्फटिक धरायला आधी कुठेतरी आधार, म्हणजे बी, लागते आणि तो किती वाढेल हे निवण्याच्या वेगावर ठरते, या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर सह्याद्रीवरचा ढग आणि पायाखालचा काळा दगड दोन्ही उलगडू लागतात.

मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या माथ्यावर अरबी समुद्रावरची दमट हवा चढून येते. वर दाब कमी असल्यामुळे ती फुगते आणि दर 100 मीटरला सुमारे 1 अंश सेल्सिअसने थंड होते. थंड हवेत वाफ मावत नाही. तरीही निव्वळ स्वच्छ हवेत थेंब सहजासहजी धरत नाही, कारण अगदी लहान थेंबाचा पृष्ठभाग इतका वळलेला असतो की त्यावरचे पाणी लगेच उडून जाते, आणि तो टिकायला आर्द्रता 100 टक्क्यांच्या कित्येक पट असावी लागते. प्रत्यक्षात लाटांनी उडवलेले मिठाचे कण आणि धूळ हे बी पुरवतात, म्हणून 100 टक्क्यांच्या किंचित पुढेच ढग धरतो.

ढग म्हणजे अजून पाऊस नव्हे. ढगातल्या थेंबाची त्रिज्या सुमारे एक शतांश मिलिमीटर, तर पावसाच्या थेंबाची सुमारे 1 मिलिमीटर. म्हणजे पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले 10 लाख थेंब एकत्र यावे लागतात. घाटावरच्या बुटक्या, उबदार ढगांत मोठे थेंब लहानांना गाठून गिळत जातात आणि पाऊस होतो. उंच ढगांत मात्र शुद्ध पाण्याचे थेंब उणे 38 अंशांपर्यंत न गोठता राहू शकतात. तिथे एखाद्या कणावर बर्फ धरला की आजूबाजूच्या थेंबांची वाफ त्याच्याकडे ओढली जाते. हा मला सबंध प्रक्रियेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. माथा ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा पुन्हा तापते, म्हणून अथणीकडे पाऊस एकदम कमी होतो.

दगडाची गोष्टही हीच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाच्या थरांची दक्षिण कड बेळगावच्या परिसरात संपते. सुमारे 1,100 ते 1,200 अंश तापलेला तो रस जमिनीवर आला तेव्हा लवकर निवला. जागोजागी एकाच वेळी असंख्य बिया धरल्या, कुणालाच वाढायला वेळ मिळाला नाही, आणि डोळ्यांना दाणा न दिसणारा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. खोल भूगर्भात अतिशय सावकाश निवणाऱ्या ग्रॅनाइटचे दाणे मात्र उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. काही बेसाल्टमध्ये काळ्या अंगात फेल्डस्पार या खनिजाचे लांबट पांढरट खडे दिसतात. ते रस वर येण्याआधी, खाली सावकाश निवत असताना वाढलेले असतात, आणि भोवतीचा बारीक काळा भाग जमिनीवर आल्यानंतर घाईने गोठलेला असतो.