रजा जितकी लांब, तितकं मूल हुशार?

‘आई जितके जास्त महिने घरी, तितकं मूल पुढे हुशार’ हा मेसेज इंदूरच्या मराठी घरांत वर्षानुवर्षं फिरतो आहे. सुरुवातीच्या महिन्यांपुरतं त्यात तथ्य आहे: नॉर्वेत १९७७ साली बाळंतपणाची पगारी रजा मिळू लागली, तेव्हा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं शाळा सोडण्याचं प्रमाण घटलं. पण जर्मनीत १९७९ ते १९९२ दरम्यान रजा टप्प्याटप्प्यानं वाढवली, तरी शिक्षणात किंवा कमाईत सुधारणा दिसली नाही.

कायद्यानं मिळणारे २६ आठवडे संपवून कामावर परतणाऱ्या सुनेला हा मेसेज पाठवला जातो, हे मला फार खुपतं.

पडताळायचं कसं? नियम बदलण्याच्या जरा आधी आणि जरा नंतर जन्मलेल्या मुलांची तुलना झाली आहे का, ते बघा. नुसत्या घरी राहिलेल्या आणि नोकरीवर गेलेल्या आयांची मुलं ताडली, तर घरच्या पैशाचा नि शिक्षणाचा फरकही रजेच्या खात्यावर जमा होतो.