चुंबक चिकटला नाही म्हणजे 304 असे नव्हे

स्टेनलेसची प्लेट पारखायला बहुतेक जण चुंबक लावून बघतात. चिकटला नाही तर 304 (स्टेनलेसचा सर्वाधिक वापरला जाणारा ग्रेड, म्हणजे प्रकार), चिकटला तर हलका माल. या परीक्षेवर विसंबू नका. 202 या स्वस्त ग्रेडमध्ये निकेल 4 ते 6 टक्केच असते, उरलेली उणीव मँगनीजने भरून काढलेली असते. तरी तिलाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल 304 ची प्लेट न तापवता वाकवली, तर वाकलेल्या जागी चुंबक हलकासा ओढला जातो, कारण ताणामुळे तिथल्या स्फटिकांची रचनाच बदलते. चुंबकाने एवढेच कळते की 430 सारखी निकेल नसलेली प्लेट लगेच ओळखू येते.

स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियम. पोलादात तो किमान 10.5 टक्के असला की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा जमतो. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. घरातल्या, इमारतीच्या आतल्या बहुतेक कामांना ती पुरते. तिचे खरे वैर क्लोराइडशी. समुद्राची हवा, मिठाचे पाणी, ब्लीच यांतला क्लोराइड पापुद्र्याला एखाद्याच बिंदूवर भेदतो. वर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत पोखरण चालूच राहते. अशा जागी 316 घ्यावी. तिच्यातले 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम नेमके हेच पोखरणे रोखते.

वेल्डिंग करायचे असेल तर नुसते 304 म्हणू नका, 304एल मागा. जोडाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा 450 ते 850 अंशांत रेंगाळला, की कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर कार्बाइड बनवतो. शेजारचा भाग क्रोमियमविना उघडा पडतो आणि महिन्यांनी जोडाला समांतर गंजाची रेघ उमटते. एल ग्रेडमध्ये कार्बन 0.03 टक्क्याच्या आत असल्याने हे टळते. पातळ पत्रा लवकर निवतो, त्याला धोका कमी. 6 मिलिमीटरच्या पुढे मात्र एलच हवी. 304एल प्लेटला वेल्डिंगचा रॉड 308एल, आणि 316एल प्लेटला 316एल.

चांगली प्लेट वर्कशॉपमध्येही बिघडते. साध्या लोखंडावर चालवलेले ग्राइंडिंग व्हील किंवा लोखंडी तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवला, की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तांबूस ठिपके उठतात. दोष ग्रेडला दिला जातो. स्टेनलेससाठी व्हील, ब्रश वेगळेच ठेवा. वेल्डिंगचा निळा-काळा डागही पिकलिंग पेस्टने (डाग काढणाऱ्या आम्लाच्या लेपाने) काढून भरपूर पाण्याने धुवा.

खरेदीच्या वेळी मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा (कारखान्याच्या तपासणी दाखल्यावरचा) हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक, प्लेटवर छापलेल्या नंबराशी जुळवा. हातात धरायचे एक्स-रे यंत्र क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम चटकन सांगते, पण कार्बन त्याला मोजता येत नाही. म्हणून प्लेट 304 आहे की 304एल, हे त्या यंत्रावरून नाही, सर्टिफिकेटवरूनच ठरवा.