एल्म

एल्म : पूर्व स्वित्झर्लंडमधील ग्लारुस कँटनातले (कँटन म्हणजे प्रांत) डोंगराळ खेडे. झेर्न्फ नदीच्या खोऱ्यातले हे शेवटचे गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे ९८० मीटर उंचीवर. वस्ती हजाराच्या आत, भाषा जर्मन आणि तीही ग्लारुसी वळणाची. गावाच्या पुढे उन्हाळी कुरणे, रणगाड्यांच्या सरावाचे एक लष्करी मैदान आणि मग भिंतीसारखे डोंगर. दक्षिणेला हाउसश्टोक व फोराब ही तीन हजार मीटरवरची शिखरे, पूर्वेला च्चिंगेलहोर्नर ही दातेरी सुळक्यांची रांग. या रांगांपलीकडे ग्राउब्युंडन कँटन लागतो, पण तिकडे जायचे तर खिंडीतून पायीच. झेर्न्फ उत्तरेकडे वाहत जाऊन श्वांडेनजवळ लिंट नदीला मिळते. एल्मला येणारा एकमेव मोटाररस्ताही याच नदीकाठाने येतो.

च्चिंगेलहोर्नरच्या कड्यात आरपार भोक आहे. सह्याद्रीत भटकणारे ज्याला नेढे म्हणतात तोच हा प्रकार. त्याचे नाव मार्टिन्सलोख, म्हणजे मार्टिनचे भोक. आकार तिकोनी, उंची साधारण वीस मीटर. दंतकथा अशी की संत मार्टिन इथे मेंढ्या राखत असताना पलीकडच्या फ्लिम्सच्या बाजूने एक राक्षस मेंढ्या चोरायला आला. मार्टिनने लोखंडी टोकाची काठी भिरकावली. नेम चुकला, राक्षस वाचला आणि कड्याला भोक पडले. वर्षातून दोनदा, म्हणजे वसंत विषुवदिनाच्या आठेक दिवस आधी आणि शरद विषुवदिनाच्या आठेक दिवसांनी, सकाळी या भोकातून उन्हाचा झोत निघतो. सुमारे पाच किलोमीटर अंतर कापून तो नेमका गावच्या चर्चवर पडतो. सूर्य अजून कड्याआडच असतो, सारे गाव सावलीत असते आणि तेवढा एक मनोरा उजळतो. दोनेक मिनिटांत खेळ संपतो आणि खऱ्या सूर्योदयाची वाट पाहावी लागते. ढग आले तर तेही नाही. चर्च मुद्दाम त्या जागी बांधले का, हा प्रश्न पर्यटकांना फार आवडतो.

भोकाच्या वरून कड्यावर पट्टीने आखल्यासारखी एक आडवी रेघ जाते. भूवैज्ञानिकांना भोकापेक्षा तिचे अप्रूप जास्त. रेघेच्या वरचा खडक २५ ते ३० कोटी वर्षांचा आणि खालचा त्याहून कितीतरी अलीकडचा. खोऱ्यातले मातकट काळे थर तर जेमतेम साडेतीन ते पाच कोटी वर्षांचे. थोडक्यात, आजोबा नातवाच्या खांद्यावर बसले आहेत. हान्स कोनराड एशर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच हा उलटा क्रम टिपला होता. त्यांचा मुलगा आर्नोल्ड याला त्याचा अर्थ बऱ्यापैकी उमगला होता, पण एवढा मोठा डोंगर आडवा सरकला असे छापले तर लोक आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, असे तो म्हणे. मग त्याने खडकाच्या थरांना दोन बाजूंनी घडी पडल्याचा खटाटोपी सिद्धांत मांडला आणि त्याचा शिष्य आल्बर्ट हाइम याने तो वर्षानुवर्षे लढवला. १८८४ मध्ये मार्सेल बेर्त्राँ या फ्रेंच अभ्यासकाने, ग्लारुसला न येताच, हाइमचीच वर्णने वाचून सांगितले की घड्या दोन नाहीत. एकच प्रचंड थर दक्षिणेकडून उत्तरेला सरकला आहे. हाइमने हे मान्य केले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आल्प्सची निर्मिती शिकवताना आजही हीच रेघ दाखवतात. २००८ मध्ये हा सारा प्रदेश ‘सार्डोना’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला.

गावाचा जुना इतिहास गुरांचा आहे. उन्हाळ्यात कुरणांवर गुरे पोसायची आणि शरदात पानिक्सर खिंडीतून (२,४०७ मी.) दक्षिणेच्या बाजारात हाकायची. शेजारच्या केर्प्फ डोंगरावर १५४८ पासून शिकारबंदी आहे. युरोपातील सर्वांत जुन्या राखीव क्षेत्रांपैकी ते एक समजले जाते. पानिक्सरवर गुरांखेरीज एक सैन्यही गेले. १७९९ च्या शरदात फ्रेंचांच्या कोंडीतून निसटणारा रशियन सेनापती सुवोरोव्ह ५ ऑक्टोबरला एल्मला पोहोचला, एक रात्र राहिला आणि दुसऱ्या दिवशी ताज्या बर्फातून हजारो थकलेल्या, अनवाणी सैनिकांना घेऊन खिंड चढला. तोफा दरीत गेल्या, खेचरे गेली, माणसेही बरीच गेली. रशियन इतिहासात हा पराक्रम म्हणून नोंदला आहे. ज्यांच्या घरात भुकेले सैन्य घुसले त्या एल्मकरांनी त्याला काय म्हटले असेल ते सांगायला नको. सेनापती जिथे उतरला ते घर अजून उभे आहे आणि त्याला त्याचेच नाव आहे.

गावाला जगभर ओळख मिळाली ती मात्र पाटीमुळे. पाटी म्हणजे शाळेतली, लाकडी चौकटीची, पेन्सिलने लिहायची आणि ओल्या फडक्याने पुसायची. आपल्याकडच्या दोन पिढ्यांपूर्वीच्या कुणालाही तिचा वास आठवेल. झेर्न्फच्या खोऱ्यातला काळा दगड पातळ पापुद्र्यांत सुटतो, म्हणून पाट्यांना अगदी योग्य. एकोणिसाव्या शतकात युरोपभर शाळा सक्तीच्या झाल्या आणि पाट्यांची मागणी वाढली. एल्मच्या पूर्वेकडच्या उतारावर, प्लाटेनबर्ग येथे, १८६८ पासून दगड काढू लागले. आधी ठेकेदारांनी, नंतर गावाने स्वतःच. हिवाळ्यात रोख मजुरी देणारे दुसरे काम गावात नव्हते. पण खोदण्याची पद्धत भयंकर होती. चांगला थर उतारात तिरपा घुसलेला, म्हणून डोंगराचा पायथाच आत कोरत नेला. १८८१ पर्यंत ही खाच सुमारे १८० मीटर लांब आणि ६५ मीटर खोल झाली होती. वर सगळा डोंगर आणि खाली आधार जवळजवळ नाही.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस पाऊस लागून राहिला. उतारावर भेगा रुंदावल्या, दगड सुटू लागले आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खाणीतले काम थांबवले. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना तातडीचा धोका दिसला नाही. ११ सप्टेंबर १८८१, रविवार. लोक घरी होते आणि डोंगरावरून दगड पडताना पाहायला बाहेर आले होते. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास पहिली दरड आली. तिने काही घरे घेतली. जे वाचले ते मदतीला धावले, सामान काढू लागले, काही समोरच्या ड्यूनिबर्गच्या चढावर गेले. तिथे सुरक्षित आहोत अशी त्यांची समजूत. सतरा मिनिटांनी दुसरी दरड सुटली आणि आणखी चार मिनिटांनी तिसरी, सर्वांत मोठी.

ही शेवटची दरड नुसती खाली घरंगळली नाही. खाणीच्या सपाट तळावर आपटून ती आडवी उसळली. पाहणाऱ्यांनी सांगितले की क्षणभर त्या काळ्या लोंढ्याच्या खालून पलीकडची झाडे दिसत होती. मग ती ड्यूनिबर्गच्या चढावर शंभरेक मीटर वर चढली, तिथल्या लोकांना घेऊन वळली आणि खोऱ्याच्या सपाटीवरून दीडेक किलोमीटर धावून एकदम थांबली. तिची कड इतकी रेखीव होती की एका बाजूला चुरा आणि हाताच्या अंतरावर हिरवे गवत. सारे मिनिटभरात आटोपले. सुमारे एक कोटी घनमीटर खडक, ८३ इमारती आणि ११४ माणसे. उंटरताल ही वस्ती उरली नाही. बहुतेक मृतदेह मिळालेच नाहीत.

पाहणी करायला आला तो घड्यांच्या सिद्धांतावर अडून बसलेला हाइमच. डोंगर लांबवर सरकतो हे ज्याला पटत नव्हते, त्यानेच वाचलेल्यांच्या जबान्या एकेक करून टिपल्या आणि कोरडा खडक पाण्यासारखा वाहू शकतो हे लिहून ठेवले. इतका चुरा सपाटीवर इतक्या वेगाने इतका लांब का जातो, हा वाद अजून मिटलेला नाही. विसाव्या शतकात भूवैज्ञानिक केनेथ श्यू याने हाइमच्या नोंदी पुन्हा वाचून काढल्या, त्या याच प्रश्नासाठी. डोंगरावर डोळे लावून बसलेल्या शहाण्या लोकांनी बिनपगारी साक्षीदार म्हणून केलेले असे वर्णन दुसऱ्या फारशा दरडींना लाभलेले नाही.

गाव तिथून हलले नाही. काही वर्षांत चुऱ्यावर माती पसरून पुन्हा कुरणे केली. आज तिथे उभे राहिले तर गवतातले ओबडधोबड उंचवटे तेवढे दिसतात. आश्चर्य म्हणजे पाट्याही थांबल्या नाहीत. गावातला पाट्यांचा कारखाना १९८३ पर्यंत चालला आणि आता संग्रहालय झाला आहे: कापायचे यंत्र, घासायचे यंत्र, रेघा आखायची सुई, सगळे जागच्या जागी. फुफ्फुसात धूळ जाण्याची किंमत मात्र तिथल्या कामगारांनी मोजली. खोऱ्यात खालच्या एंगी गावाची जुनी भूमिगत खाणही पाहता येते. तिथल्या दगडात निघालेले माशांचे जीवाश्म युरोपातील अनेक संग्रहालयांत पोहोचले आहेत.

पुढची कहाणी शांत आहे. १९०५ मध्ये श्वांडेनहून अरुंद रुळांची विजेची गाडी आली. १९६९ मध्ये ती बंद होऊन बस सुरू झाली. इथल्या झऱ्याच्या पाण्यापासून १९२७ पासून ‘एल्मर सिट्रो’ हे लिंबाचे पेय निघते आणि स्विस माणसाला एल्म हे नाव बहुधा बाटलीवरून आधी कळते. नाहीतर व्हरेनी श्नायडरवरून. १९६४ साली जन्मलेल्या या स्थानिक मुलीने बर्फावरच्या घसरशर्यतींत (स्कीइंग) १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये दोन आणि १९९४ च्या लिलहामरमध्ये एक सुवर्णपदक जिंकले, शिवाय विश्वचषकाच्या ५५ शर्यती. काळ्याभोर लाकडी घरांची जुनी रचना जपल्याबद्दल १९८१ मध्ये, दरडीच्या शताब्दी वर्षीच, गावाला स्वित्झर्लंडचा वाकर पुरस्कार मिळाला.

स्वतंत्र ग्रामपंचायत म्हणून एल्म आता अस्तित्वात नाही. ग्लारुसमध्ये कँटनचे निर्णय अजूनही मैदानात जमून हात वर करून घेतले जातात. मे २००६ च्या अशाच सभेत सरकारने पंचवीस गावांच्या दहा नगरपालिका करण्याचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा एका नागरिकाने उठून तीनच करा असे सुचवले आणि तेच मंजूर झाले. १ जानेवारी २०११ पासून एल्म ‘ग्लारुस ज्यूड’ या विस्तीर्ण नगरपालिकेचा भाग आहे.