आभाळातली चौफुली

हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असलं की हिंगोली-नांदेडकडच्या शिवारात उभं राहून वर बघावं. विमानाची एक पांढरी रेघ मुंबईकडून पूर्वेला गेलेली असते, तिला आडवी दुसरी, उत्तरेकडून दक्षिणेला. ज्वारी राखणारा माणूस हमखास विचारतो, ‘ही एकमेकांना धडकत कशी नाहीत?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरापायी शंभर वर्षं गेली आहेत.

नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-कोलकाता जोडा. रेघ छत्रपती संभाजीनगरला खेटून जाते. दिल्ली-बंगळूर जोडा, नांदेड जवळजवळ रेघेवरच येतं. या दोन रेघा वाशिमजवळ, हिंगोलीच्या शिवेपलीकडे छेदतात. मुंबई-विशाखापट्टणमची रेघ दिल्ली-बंगळूरला देगलूरच्या आसपास गाठते. खरे हवाई मार्ग थोडी वळणं घेतात, पण रोख हाच. म्हणजे मराठवाड्यात उतरणारी विमानं मोजकी आणि डोक्यावरून जाणारी भरपूर. ही वरची वर्दळ चिकलठाण्याचा, म्हणजे संभाजीनगर विमानतळाचा, टॉवर सांभाळत नाही. तो उतरणाऱ्या-उडणाऱ्यांचं बघतो. उंचावरच्या विमानांशी बोलणारा नियंत्रक इथून शेकडो किलोमीटरवर पडद्यासमोर बसलेला असतो.

त्याच्या हाताशी एक जुना नियम आहे : पूर्वेकडे जाणाऱ्याने विषम हजार फुटांची पातळी घ्यायची, पश्चिमेकडे जाणाऱ्याने सम. समोरासमोरची गाठ याने टळते. चौफुलीचं काय? मुंबईहून कोलकात्याला निघालेलं विमान ३३ हजारांवर आहे. दिल्लीहून बंगळूरला जाणारं किंचित पूर्वेला कललेलं, म्हणून तेही विषम, तेही ३३ हजारांवर. दोघांनीही नियम पाळला आणि तरी दोघं एकाच बिंदूकडे निघाले. नियंत्रकांच्या भाषेत हा ‘कॉन्फ्लिक्ट’. धडक नव्हे, असंच चालू राहिलं तर ठरलेलं अंतर मोडेल, इतकंच. रडारवर हे अंतर साधारण पाच सागरी मैल, नाहीतर उभं हजार फूट. विमान मिनिटाला सुमारे आठ सागरी मैल कापतं, तेव्हा पाच मैल म्हणजे किती सेकंद ते आपणच मोजावं.

(आमच्याकडे विमान अपघात म्हटलं की २६ एप्रिल १९९३ आठवतो. चिकलठाण्याहून उडणारं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग धावपट्टीपुढच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ५५ जण गेले. तीही आडव्या वाटेचीच गोष्ट, पण जमिनीवरची.)

सुरुवातीला आभाळात वाटाच नव्हत्या. वैमानिकाने डोळे उघडे ठेवायचे, समोर कोणी दिसलं तर टाळायचं. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं अशीच एकमेकांवर गेली, १२८ मेले. मग नियंत्रण वाढलं, आखीव वाटा वाढल्या. वाटा आल्या तशा चौफुल्याही आल्या, आणि आभाळभर पसरलेला धोका थोड्याशा बिंदूंवर गोळा होऊन नियंत्रकाच्या डोक्यावर बसला. मला या सगळ्या इतिहासाचा गाभा हाच वाटतो.

१० सप्टेंबर १९७६ ला युगोस्लाव्हियात झाग्रेबच्या चौफुलीवर दोन विमानं धडकली, १७६ जण गेले. वरच्या पट्ट्याचा, म्हणजे जास्त उंचीवरच्या विमानांचा, नियंत्रक त्या वेळी दोघांचं काम एकटा करत होता. खटला चालला, त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. जगभरच्या नियंत्रकांनी आवाज उठवल्यावर तो लवकर सुटला. एका माणसावर किती विमानं लादायची, हा प्रश्न तेव्हा कुठे मोठ्याने विचारला गेला.

आपल्याकडे अशा धडकेची किंमत १२ नोव्हेंबर १९९६ ला मोजली. दिल्लीहून चढणारं सौदी जंबो १४ हजार फुटांपर्यंत, उतरणारं कझाक इल्युशिन १५ हजारांपर्यंत, अशी परवानगी होती. येण्या-जाण्याची वाट एकच, कारण बरंचसं आभाळ हवाई दलाकडे. नियंत्रकाच्या पडद्यावर ठिपके दिसत, उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल तीच उंची खरी धरायची. नियंत्रकाने इल्युशिनला समोरून येणाऱ्या जंबोची सूचनाही दिली होती. पण इल्युशिन ठरलेल्या पातळीखाली उतरलं. रेडिओवर बोलणाऱ्या त्याच्या कर्मचाऱ्यापुढे स्वतःचा उंचीमापकही नव्हता, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावं लागे. चरखी दादरीच्या शेतांत ३४९ मृतदेह पडले. त्यानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं, टीकॅस सक्तीचं झालं.

टीकॅस म्हणजे दोन विमानांतली यंत्रं आपसांत ठरवून एकाला ‘चढ’, दुसऱ्याला ‘उतर’ सांगतात. १ जुलै २००२ ला जर्मनीत यूबरलिंगनवर यंत्राने एका विमानाला चढायला सांगितलं, नियंत्रकाने उतरायला. तो एकटा दोन टेबलं सांभाळत होता, दुरुस्तीमुळे मुख्य फोनही बंद होता. ७१ जण गेले. तेव्हापासून यंत्राचा आदेश आला की आधी तोच पाळायचा, हे पक्कं झालं.

दरम्यान वाटा दाटल्या. २९ हजार फुटांच्या वर दोन पातळ्यांत दोन हजार फूट राखत, कारण तिथे उंचीमापक तितके भरवशाचे नव्हते. २००३ मध्ये भारतातही ते अंतर हजारावर आलं, सातच्या तेरा पातळ्या झाल्या. कोंडी सुटली आणि त्याच आभाळात जास्त विमानं मावू लागली. तपासायच्या जोड्याही त्याबरोबर वाढल्या.

कामाचा ताण मात्र नुसत्या संख्येवर ठरत नाही. सरळ जाणारी दहा विमानं सोपी, चढती-उतरती चार अवघड. आमच्याकडे याची परीक्षा वळवाच्या दुपारी होते. बीड-लातूरवर ढग उभे राहिले की एक वैमानिक वीस मैल डावीकडे वळायची परवानगी मागतो, पाठोपाठ पाच जण तेच मागतात. आखलेली चौफुली मोडते, शेजारच्या पट्ट्याच्या नियंत्रकाला फोन लावावे लागतात. प्रत्येक सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची, ती नीट ऐकायची, आणि हे सगळं एकाच फ्रिक्वेन्सीवर, एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर कानात नुसती शिट्टी वाजते, मग दोघांनाही पुन्हा विचारावं लागतं.