'क'च्या जागी उभी रेघ: जुन्या टेक्स्ट फायली कागदावर कशा उतरायच्या

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची हिशेबपट्टी आजही डॉट मॅट्रिक्सवर निघताना दिसते. पिना रिबनीवर आपटतात, त्यामुळे कार्बनखालच्या प्रतीही एकाच फटक्यात उमटतात. लेसर किंवा इंकजेटला ते जमत नाही. प्रिंटर टिकला, पण त्याच्यासाठी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बनवलेल्या फायलींना आता कुणी वाली नाही. जुनी पट्टी, जुनं ऊसबिल, पतसंस्थेची जुनी खतावणी नव्या मशीनवरून छापायला गेलं की ओळी जिन्यासारख्या उतरत जातात, पानं मध्येच तुटतात, चौकटीच्या जागी भलतीच अक्षरं येतात. फाइल बिघडली, असं म्हणून लोक सोडून देतात. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते.

साध्या टेक्स्ट फायलीत अक्षरं नसतात, आकडे असतात. अक्षराचा आकार त्या काळी प्रिंटरच्या पोटात असायचा. कॉम्प्युटरने ६५ पाठवले की प्रिंटर आपल्या चिपमधून ए काढून उमटवणार, एवढाच व्यवहार. हे आकडे ठरवले आस्की या १९६३ च्या अमेरिकन मानकाने, आणि त्यात टेलिप्रिंटरच्या सवयी जशाच्या तशा आल्या. १३ म्हणजे छपाईचं डोकं डावीकडे न्या, १० म्हणजे कागद एक ओळ वर सरकवा, १२ म्हणजे नवं पान. पहिली दोन कामं टेलिप्रिंटरमध्ये वेगळी होती आणि ती वेगळीच राहिली. कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालींपैकी डॉसने ओळीच्या शेवटी दोन्ही आकडे ठेवले, युनिक्सने फक्त १०, जुन्या मॅकिंटॉशने फक्त १३. युनिक्सवरची फाइल डॉसच्या प्रिंटरला दिली की कागद सरकतो पण डोकं मागे येत नाही, म्हणून तो जिना. मॅकची दिली तर सगळ्या ओळी एकावर एक. त्यावर प्रिंटरच्या मागचं बारीक बटण दाबून १३ सोबत १० आपोआप घ्यायला सांगता यायचं. पण मग डॉसच्या फायलीत प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी सुटायची.

पानाच्या लांबीचा घोळ आपल्याकडे जास्त झाला. एका इंचात १० अक्षरं आणि ६ ओळी हे जुनं माप. आठ इंच रुंदीत ८० अक्षरं, आणि अमेरिकेच्या ११ इंची कागदावर ६६ ओळी. परदेशी सॉफ्टवेअर हे ६६ गृहीत धरून चाले. आपल्या बाजारात मात्र कॉम्प्युटर स्टेशनरी म्हणून १० बाय १२ आणि १५ बाय १२ इंचांचे गठ्ठे मिळत, म्हणजे पानाला ७२ ओळी. पहिलं पान ठीक, दुसऱ्यावर मथळा सहा ओळी वर, तिसऱ्यावर बारा, आणि थोड्याच वेळात एकूण बेरीज बरोबर छिद्रांच्या घडीवर. एप्सन या कंपनीच्या प्रिंटरमध्ये ११ की १२ इंच हे ठरवणारं बटण असे. नाहीतर फायलीच्या सुरुवातीला २७, ६७, ७२ हे तीन आकडे टाकायचे: २७ म्हणजे 'पुढचा हुकूम आहे', ६७ म्हणजे पानाची लांबी, ७२ म्हणजे ओळी. अशा हुकमांची एप्सनची भाषा इतकी पसरली की इतर कंपन्यांनीही आपले प्रिंटर तिच्यावरच चालवले. रुंद तक्त्याला १५ हा एकच आकडा पुरे, अक्षरं दाटीने बसतात आणि ८० रकान्यांच्या कागदावर १३२ रकाने मावतात. जुन्या फायलीत पहिल्या ओळीआधी विचित्र चिन्हं दिसतात ती हीच. 'कचरा' समजून ती पुसून टाकली की तक्ता विस्कटलाच.

आस्की १२७ वर संपतं. वरच्या १२८ आकड्यांचं काय करायचं हे ज्याने त्याने ठरवलं. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीने तिथे चौकटीच्या रेघा बसवल्या: १७९ उभी रेघ, १९६ आडवी. एप्सनने तिथे तिरपी अक्षरं ठेवली होती. त्यामुळे पडद्यावर सुबक दिसणारी चौकट कागदावर तिरप्या डी आणि तिरप्या ३ ची रांग होऊन यायची. तेही एका बटणाने सुटे, पण ते बटण कुठलं हे सांगणारं पुस्तक खोक्यासोबत रद्दीत गेलेलं असायचं.

मराठीची गाठ नेमकी इथे पडली. प्रिंटरच्या चिपमध्ये देवनागरी नव्हतीच. म्हणून हिशेब कॉम्प्युटरवर आला तरी नावं रोमनमध्ये छापायची, आणि यादीत काळे कोण नि काले कोण हे माहीतगारालाच कळायचं. भारतीय लिप्यांसाठीचं काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं. तिथले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आले, आणि भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसमधल्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये मराठी उमटू लागली. सांकेतिक आकड्यांचं मानक इस्की, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने पक्कं केलं. त्यात खालचे १२८ आकडे इंग्रजीचे, वरचे भारतीय लिप्यांचे. क चा आकडा १७९. म्हणजे इस्की फाइल साध्या प्रिंटरला थेट दिली की प्रत्येक क च्या जागी उभी रेघ, नाहीतर तिरपा ३.

मग अक्षर छापायचं सोडून चित्र छापायचं, हाच मार्ग उरला. नऊ पिनांच्या प्रिंटरला ठिपक्यांचे हुकूम देता येत. एक आकडा म्हणजे आठ ठिपक्यांचा एक उभा पट्टा. आठ ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेघ, वरची वेलांटी आणि खालचा उकार मावत नाही, म्हणून मराठीची एक ओळ अनेक पट्ट्यांत कापून, डोकं तितक्या वेळा फिरवून छापावी लागे. वेळ जाई, आवाज तर विचारू नका. मिरजेला हे नवं नव्हतं म्हणायला हवं. गंगाधरराव पटवर्धनांनी १८०५ मध्ये तिथे गीता छापवली ती सुट्या खिळ्यांवर नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यावर पानच्या पान कोरून.

अशा चित्र-फायलींची एक खोड होती. डॉसच्या लेखी २६ म्हणजे फाइल संपली. साध्या कॉपी हुकमाने फाइल प्रिंटरकडे पाठवली आणि ठिपक्यांमध्ये कुठे २६ आला, की छपाई तिथेच बंद. हुकमात तिरपी रेघ आणि बी जोडलं की तो आंधळेपणाने शेवटपर्यंत पाठवी. मजकूर लिहिण्याच्या वर्डस्टार या प्रोग्रॅमची खोड उलटी. डॉक्युमेंट पद्धतीत तो शब्दाच्या शेवटच्या अक्षरात १२८ मिळवून ठेवी, म्हणून ती फाइल बाहेर उघडली की दर शब्दाचं शेपूट बिघडलेलं. ते साफ करणारे छोटे प्रोग्रॅम सरसकट १२८ वजा करत. इंग्रजीला ठीक, पण इस्कीतली मराठी त्यातून गेली की क चा कायमचा ३ होई, आणि मूळ ३ कुठला नि क चा कुठला हे ओळखायला मार्ग उरत नसे.

लेसरने नवे नियम आणले. एचपीचा लेसरजेट १९८४ चा. तो पान भरल्याशिवाय किंवा १२ मिळाल्याशिवाय कागद बाहेर सोडत नाही. कागदाच्या कडा त्याला छापता येत नसल्याने ए-फोरवर ६४ ओळीच बसत, आणि ७२ ओळींचा तक्ता दुसऱ्या पानावर सांडे. पोस्टस्क्रिप्ट या पानाचं वर्णन करणाऱ्या भाषेवर चालणाऱ्या प्रिंटरला तर साधा मजकूर कळतच नाही, आधी त्या भाषेत रूपांतर लागतं.

विंडोजवर डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरच पानं मांडणं, आलं आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएमच्या फॉन्टांनी लग्नपत्रिकांपासून दैनिकांपर्यंत सगळं व्यापलं. छपाई देखणी झाली, पण प्रत्येकाचे आकडे वेगळे. इस्कीत 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. बऱ्याच फॉन्टांत दिसते तशी वेलांटी आधी. विंडोज २००० पासून युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांना एकच आकडे देणाऱ्या मानकाची, मराठी आली, तिचा अक्षरक्रम बराचसा इस्कीवरूनच घेतलेला.

आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत, पण प्रिंटरला साधा मजकूर तसाच पाठवणारा जेनेरिक टेक्स्ट ओन्ली हा ड्रायव्हर अजून मिळतो. रोमन पट्टीसाठी तो पुरतो, मराठी त्यातून जात नाही. म्हणून मराठी फाइल आधी युनिकोडमध्ये न्यावी लागते. इस्कीची असेल तर काम सरळ आहे. फॉन्टातली असेल तर आधी फॉन्टचं नाव माहीत हवं, आणि साध्या टेक्स्ट फायलीत ते कुठेच लिहिलेलं नसतं.