पाचमजली सराई आणि तिचा थंड चौक

कैरोच्या अल-अझहर मशिदीजवळ एक पाचमजली सराई उभी आहे. तेव्हा इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुक घराण्यांपैकी सुलतान कानसूह अल-घुरी याने ती १५०४-०५ मध्ये बांधून घेतली. परगावच्या व्यापाऱ्याने माल घेऊन यायचं, तो खाली वखारीत ठेवायचा आणि वर बिऱ्हाड करून राहायचं, अशा इमारतीला कैरोत ‘विकाला’ म्हणतात. जुन्या शहरात अशा पुष्कळ होत्या. इतक्या चांगल्या अवस्थेत टिकलेल्या मात्र मोजक्याच.

ती बांधली गेली तो काळ धामधुमीचा होता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला होता. मिरी-मसाल्याचा जो व्यापार तांबड्या समुद्रातून कैरोमार्गे युरोपात जाई, त्याला पोर्तुगिजांनी आफ्रिकेला वळसा घालून दुसरी वाट काढली. मामलुकांच्या खजिन्यात या मालाच्या जकातीचा मोठा वाटा होता. म्हणून अल-घुरीने आरमार पाठवलं. या आरमाराने १५०८ मध्ये आपल्या कोकणातल्या चौलजवळ पोर्तुगिजांना हरवलं आणि १५०९ मध्ये दीवच्या लढाईत ते स्वतः धुळीला मिळालं. सराईच्या वखारी ज्या व्यापाराच्या भरवशावर बांधल्या, त्याच व्यापारासाठीची ही झुंज होती.

इमारतीची मांडणी पाहिली की बांधणाऱ्यांची समज लक्षात येते. खालचे दोन मजले जाड दगडी भिंतींचे, चौकाभोवती उंच कमानी आणि त्यांच्या आड वखारी. आत-बाहेर करायला मोठा दरवाजा एकच, त्यामुळे कोणता माल आला, कोणता गेला यावर नजर राही. वरचे तीन मजले राहण्यासाठी. इथली घरं आडवी पसरलेली नाहीत. एकेक बिऱ्हाड तिन्ही मजल्यांवर उभं चढत जातं, आतल्या आत जिना. जमीन महाग असलेल्या गजबजलेल्या शहरात हे फार हुशारीचं वाटतं.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मधला चौक. कैरोत वर्षाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे चौक उघडा ठेवायला अडचण नाही. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने रात्री गच्ची आणि भिंती आपली उष्णता आकाशाकडे वेगाने सोडतात. त्यांना लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि चौकात उतरून साठते. सकाळी ऊन चढलं तरी उंच भिंतींच्या सावलीत ती काही तास टिकून राहते.

ऐन उन्हाळ्यात दुपारी कैरोत सूर्य क्षितिजापासून ८३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा ऊन थेट चौकाच्या तळापर्यंत पोहोचतं. मात्र चौक खोल असल्याने सूर्य कलताच सावली पुन्हा तळ व्यापू लागते. जाड दगड तापायलाही बराच वेळ घेतो. बाहेरच्या उष्णतेचा जोर आतल्या बाजूला काही तास उशिरा जाणवतो. खालच्या वखारींना याचा सर्वाधिक फायदा. वरच्या घरांना तितका नाही, गच्चीलगतच्या खोल्यांना तर सर्वांत कमी.

चौकाच्या मध्यावर कारंजं आहे. १ लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेतं. दमट हवेत पाणी सावकाश सुकतं, म्हणून ही युक्ती तिथे फारशी चालत नाही. कैरोच्या कोरड्या उन्हाळ्यात चालते.

वरच्या घरांच्या खिडक्यांना मशरबिया, म्हणजे लाकडी जाळ्या आहेत. इजिप्तमध्ये चांगलं इमारती लाकूड दुर्मिळ, म्हणून कातारी छोटे छोटे तुकडे घडवून एकमेकांत अडकवत. अशी जाळी ऊन-थंडीने फुगली-आकसली तरी सहसा तडकत नाही, कारण प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक असते. उन्हाची तिरीप अडते, वारा आत येतो, आणि घरातल्यांना बाहेरचं दिसतं पण बाहेरच्यांना आतलं दिसत नाही.

या सराईचं भाडं सुलतानाने वक्फ करून, म्हणजे धर्मादाय म्हणून कायमचं, जवळच्याच आपल्या मशीद-मदरशाच्या खर्चासाठी लावून दिलं होतं. १५१६ मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळच्या मर्ज दाबिकच्या रणात उस्मानी (ऑटोमन तुर्क) फौजेशी लढताना त्याला मृत्यू आला आणि पुढच्या वर्षी कैरोही पडलं. वक्फची मालमत्ता विकता येत नाही, आणि अशा इमारतींना राजवट बदलल्यावरही आधार मिळत राहिला तो बऱ्याच अंशी या नियमामुळे. अलीकडच्या काळात डागडुजी होऊन इथल्या चौकात संध्याकाळी तन्नुरा, म्हणजे घेरदार झग्यात गिरक्या घेण्याच्या नृत्याचे कार्यक्रम होऊ लागले.